चालकाचा अर्धा तास

खोपोलीचे कारखाने, खालापूरचा टोलनाका आणि पुढे बोरघाट. या टापूत मालमोटार, टेम्पो किंवा प्रवासी गाडी चालवून संसार करणारी घरे थोडी नाहीत. कर्जत-खालापुरातील अशा घरांत वडीलधाऱ्यांच्या मनात दुपारी एक प्रश्न हटकून येतो : ‘तो जेवला असेल ना?’ हा प्रश्न मायेचा आहे, तसाच आरोग्याचा आणि हक्काचाही आहे.

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांत कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवली. सलग ५ तासांहून अधिक काम घेण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचे बंधन घातले. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. शरीराची गरज मात्र बदललेली नाही.

मधुमेही चालकाच्या बाबतीत ती अधिकच निकडीची ठरते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, हातांची थरथर, गोंधळलेले मन ही त्याची लक्षणे. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवून तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काही खावे. साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नये.

घरच्यांनी डब्यात भाकरी, उसळ, ताक असे बेताचे जेवण द्यावे. जड जेवणानंतर सुस्ती येते. सोबत ग्लुकोजची पुडी असू द्यावी. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी टाळण्याची सवय मोडावी.

आपण भाड्याच्या गाडीने मुंबई-पुण्याला तपासणीसाठी जातो, तेव्हा तो एकटा चालक बहुधा या कायद्याच्या कक्षेबाहेर असतो. आपण रुग्णालयात असेपर्यंत तो वाहनतळावर उपाशी ताटकळतो आणि परतीला तसाच घाट उतरतो. म्हणून निघतानाच त्याच्या जेवणाची वेळ ठरवावी, ‘दादा, तुम्ही जेवून घ्या, आम्ही थांबतो,’ असे आपणहून म्हणावे. उशिराच्या भीतीने तो स्वतः मागणार नाही. त्या अर्ध्या तासावर त्याच्याइतकाच आपलाही जीव अवलंबून असतो.