बर्फ, स्पोर्टी सेडान आणि माझा घसरलेला तोरा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय, "बर्फात चालवायला स्पोर्टी सेडान घ्यावी का? आणि घेतलीच तर ड्राइव्ह कोणता?" मी राहतो बफेलोत. एरी सरोवरावरून वारा सुटला की बघता बघता रस्ता पांढरा. म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

पहिल्याच हिवाळ्यात ऐटीत ऑल-व्हील ड्राइव्ह सेडान घेतली. बर्फातही सिग्नल सुटला की मी सगळ्यांच्या पुढे! एकदा उतारावर सिग्नल लाल झाला. ब्रेक दाबला, एबीएस पायाखाली खडखडलं, पण गाडी सरकतच राहिली. शेजारी बायको एकदम गप्प. थांबलो ते चौक ओलांडून. आडवं कुणी आलं नाही, हे नशीब.

झालं काय होतं? चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघताना आणि चढावर अडकत नाही. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात! थांबायला आणि वळायला पकड लागते ती टायरची. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ऑल-सीझन टायरचं रबर कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं मऊ राहतं. क्युबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत.

आता ड्राइव्ह. फ्रंट-व्हीलमध्ये इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं, म्हणून निभतं आणि स्वस्तही पडतं. रिअर-व्हील चालवायला मजा, पण बर्फात जरा जास्त रेस दिली की मागची बाजू निसटते. सुबारू डब्ल्यूआरएक्सला ऑल-व्हील ठरलेलंच. बीएमडब्ल्यू ३ सिरीजमध्ये 'एक्सड्राइव्ह' बघून घ्या. स्पोर्टी गाड्यांना बऱ्याचदा समर टायर लावलेले असतात, ते बर्फात अजिबात नकोत. आणि गाडी जमिनीपासून किती उंच आहे तेही बघा. फार खाली असेल तर साचलेल्या बर्फावर पोट टेकतं.

माझा हिशोब सरळ आहे. घराजवळ चढ असेल, रस्ते उशिरा साफ होत असतील, तर ऑल-व्हील घ्या. पण बजेटमध्ये एकच बसत असेल, तर फ्रंट-व्हील आणि चार विंटर टायर. चार म्हणजे चारच, दोनावर भागवू नका. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह तपासा.

मी टायर बदलले, गाडी तीच ठेवली. आता त्या उतारावर बायको गप्पा मारते. भेटू पुढच्या भागात!