शहर आणि कचरा – लेखांक ७ : मुंबईतील पिशवीबंदी

प्लास्टिकच्या पिशवीविरुद्धच्या मुंबईतील धोरणाला निर्णायक वळण मिळाले ते एका महापुरामुळे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ओहोटीच्या वेळी ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल, अशा हिशेबाने बांधलेल्या होत्या. इतका पाऊस त्यांना झेपणे शक्यच नव्हते. मिठी नदीचे आक्रसलेले पात्र, खाडीकाठचे भराव आणि भरती यांनी संकट वाढवले. पुराचे सारे खापर पिशवीवर फोडणे म्हणूनच चुकीचे ठरेल. मात्र जे पाणी वाहून जाऊ शकले असते, त्याची वाट अडवण्यात पिशवीचा वाटा होता. तिचे वजन नगण्य, पण पसारा मोठा. पाण्याबरोबर वाहत ती नाल्याच्या जाळीला चिकटते, मग तिच्यावर गाळ आणि इतर कचरा थबकतो. नालेसफाई झाल्यावरही पहिल्या सरीबरोबर रस्त्यावरच्या पिशव्या पुन्हा नाल्यात उतरतात.

या पुरानंतर राज्य सरकारने २००६ मध्ये नियम केले आणि ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीची अट घालण्यामागे आर्थिक विचार होता. भंगाराचा व्यवहार वजनावर चालतो. काही ग्रॅमची मळलेली पिशवी उचलून कचरावेचकाच्या हाती काहीच पडत नाही, म्हणून बाटल्या आणि डबे धारावीतील पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांपर्यंत पोहोचतात, पण पातळ पिशवी रस्त्यावरच राहते. पिशवी जाड झाली की दुकानदाराला ती फुकट वाटणे परवडत नाही आणि वेचणाऱ्यालाही मोबदला मिळतो.

हा विचार योग्य असला, तरी तपासणीत नियम लंगडा पडला. ४० आणि ५० मायक्रॉनमधला फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. त्यासाठी मोजणीचे उपकरण लागते. भाजीच्या गाड्यावर टांगलेला पिशव्यांचा गठ्ठा वैध की अवैध, हे ना विक्रेत्याला सांगता येई, ना गिऱ्हाइकाला.

ही संदिग्धता २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने संपवली. जाडी कितीही असो, हातात धरून न्यायच्या प्लास्टिक पिशव्यांवर राज्यभर बंदी आली. थर्माकोलची ताटे-वाट्या, एकदाच वापरायचे पेले, चमचे आणि स्ट्रॉही तिच्या कक्षेत आले. दुधाच्या पिशव्या आणि औषधांची वेष्टने यांना सूट मिळाली. साठा संपवण्यासाठी दिलेली मुदत सरल्यावर २३ जूनपासून मुंबईत कारवाई सुरू झाली. दंड पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार आणि तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद असा ठरला. महापालिकेने बाजार, परवाना आणि दुकाने व आस्थापना या खात्यांतील निरीक्षकांची पथके नेमली. मात्र महिन्याभरातच किराणा मालाच्या वेष्टनांना सवलत द्यावी लागली, कारण डाळ-तांदूळ सुटे बांधून देण्याचा स्वस्त पर्याय किरकोळ दुकानदारांपाशी नव्हता.

बंदीची खरी मर्यादा अधिकारांच्या वाटणीत आहे. नियम राज्य करते, अंमलबजावणी महापालिका करते आणि पिशवी मात्र शहराबाहेर, कित्येकदा राज्याबाहेर तयार होते. २०१८ मध्ये केंद्राच्या नियमांनुसार ५० मायक्रॉनची पिशवी देशात वैध होती. महाराष्ट्रात बंदी असलेला माल त्यामुळे अन्यत्र उघडपणे बनू शकत होता. केंद्राने पुढे ही मर्यादा ३० सप्टेंबर २०२१पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२० मायक्रॉनवर नेली. १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशव्यापी बंदीही आली. नियमांमधली दरी त्यामुळे कमी झाली, तरी पातळ पिशवीचे चोरटे उत्पादन थांबले नाही.

अशा स्थितीत केवळ बाजारातल्या धाडींवर विसंबणे अन्यायाचे आणि अपुरेही आहे. ५ हजारांचा दंड ही फेरीवाल्याची अनेक दिवसांची कमाई असते. त्याच्याकडून जप्त झालेला गठ्ठा दुसऱ्या दिवशी घाऊक बाजारातून पुन्हा येतो. कारवाईचा भार म्हणून कारखाना, वाहतूक आणि घाऊक व्यापारी यांच्यावर असायला हवा. त्याच वेळी परवडणारा पर्याय बाजारातच मिळायला हवा. बचत गटांनी शिवलेल्या कापडी पिशव्या मंडईत अनामत रकमेवर देता येतात. कापडालाही कापूस, पाणी आणि ऊर्जा लागते. तेव्हा कापडी पिशवीचा लाभ ती दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा वापरली तरच मिळतो. उत्पादनावर वचक, सोयीचा पर्याय आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचे वेगळे संकलन या तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच पिशवीबंदी नाल्यांपर्यंत परिणाम दाखवेल. यांतली एकही सुटली, तर दंडाच्या पावत्या वाढतील आणि नाले तसेच तुंबत राहतील.