दोघांचा एक ठेका

ठेका धरणारी माणसं : भाग ६

मागच्या भागात आपण अलाबामातल्या मसल शोल्स गावचे स्टुडिओ पाहिले. १९६९ च्या सुरुवातीला त्याच गावात चोवीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय ड्रमर येऊन राहिला. न्यूयॉर्कला जाऊन जॅझ वाजवायचं त्याच्या मनात होतं. पण स्टुडिओत साथ करणाऱ्या ड्वेन ऑलमन या गोऱ्या गिटारवादकाबद्दल त्याने ऐकलं आणि आधी त्याच्यासोबत वाजवून पाहावं, असं ठरवलं. न्यूयॉर्क मागे पडलं. ‘ऑलमन ब्रदर्स बँड’साठी ड्वेनने निवडलेला हा पहिला वादक. जे जोहॅनी जोहॅन्सन हे त्याचं नाव, पण सगळे त्याला जेमो म्हणत.

जेमोचा जन्म १९४४ चा, मिसिसिपी राज्यातल्या ओशन स्प्रिंग्जचा. तो वाढला शेजारच्या गल्फपोर्टमध्ये. विशीत त्याने ओटिस रेडिंग, जो टेक्स अशा सोल गायकांबरोबर दौरे केले. या दौऱ्यांत ड्रमरला एक गोष्ट पक्की शिकावी लागते : गायकाच्या पायाखालची जमीन हलू द्यायची नाही. जेमोचं मन मात्र जॅझमध्ये होतं, विशेषतः जॉन कोल्ट्रेनचा ड्रमर एल्विन जोन्स याच्या वादनात. कोल्ट्रेनच्या आणि माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्ड त्याने ड्वेनला ऐकवल्या. पुढे या बँडची गाणी दहा-दहा, वीस-वीस मिनिटं विस्तारत गेली, त्याचं मूळ या ऐकण्यात आहे.

ड्वेनला एक नव्हे, दोन ड्रमर हवे होते. सोल संगीतातल्या जेम्स ब्राउनच्या ताफ्यातही एकाहून अधिक ड्रमर असत. दुसरा ड्रमर मिळाला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये : बुच ट्रक्स, जन्म १९४७. मार्च १९६९ मध्ये तिथेच सहा जण एकत्र वाजवायला बसले आणि बँड उभा राहिला. ड्वेन, त्याचा भाऊ ग्रेग, गिटारवर डिकी बेट्स, बेसवर बेरी ओकली आणि हे दोघे. लवकरच सगळे जॉर्जियातल्या मेकन गावी राहायला गेले.

दोन ड्रमर म्हणजे दुप्पट आवाज, अशी आपली समजूत असते. रॉकचा साधा ठेका चार मात्रांचा : पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पायाने बेस ड्रम, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअरवर टोला. दोघांनी हेच वाजवलं आणि एकाचा टोला केसभर मागेपुढे झाला, तर ठेका फाटतो. म्हणून दोघांनी कामं वाटून घेतली, तीही चर्चा न करता, वाजवता वाजवता. बुच भरधाव मालगाडीसारखा गाणं पुढे ओढत नेई. जेमो त्या वेगाच्या आतली जागा शोधी. जॅझमध्ये लय उजव्या हाताखालच्या झांजेवर चालते. डावा हात आणि पाय मोकळे राहतात, सोबतचा वादक जे म्हणतो आहे त्याला हुंकार द्यायला. जेमोने हाच हुंकार रॉकमध्ये आणला. कुठे वाजवायचं नाही, हे त्याला फार नेमकं कळत असे, आणि मला त्याचं थोरपण तिथेच दिसतं.

मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात ध्वनिमुद्रित झालेला दुहेरी एलपी याचा पुरावा आहे. त्यातलं ‘व्हिपिंग पोस्ट’ जवळपास २३ मिनिटांचं. ओकलीचा बेस सुरुवातीलाच अकरा मात्रा मोजतो : तीन, तीन, तीन, दोन. आपल्या रुद्र तालाच्या अकरा मात्रा ऐकलेल्या कानाला हे अवघड जाणार नाही, पण नाचायला आलेल्या रॉकच्या श्रोत्यांसाठी ते नवं होतं. शेवटच्या ‘दोन’मध्ये एक मात्रा राहून गेल्यासारखी वाटते आणि आपण पुढे ढकलले जातो. याच एलपीवरचं ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ही ऐका. शेवटाकडे बाकीची वाद्यं थांबतात आणि फक्त दोन ड्रमसेट उरतात. तिथे दोघे शेजारी बसून एकाच गोष्टीवर बोलत असल्यासारखे ऐकू येतात.

हे घडत होतं तो काळही लक्षात ठेवायला हवा. वर्णभेदाला मूठमाती देणारा कायदा १९६४ चा. कायदा झाला म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माणसांच्या नजरा पाच वर्षांत बदलल्या नव्हत्या. अशा प्रदेशात गोरे आणि कृष्णवर्णीय वादक एका घरात राहत, एका गाडीतून फिरत आणि एका मंचावर बसत. दक्षिणेतल्या या रॉकची, म्हणजे ‘सदर्न रॉक’ची, गोष्ट सांगताना गिटारच पुढे येते, पण तिच्याखालच्या ठेक्यात हे दोन्ही समाज होते.

ऑक्टोबर १९७१ मध्ये ड्वेन मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय २४. वर्षभराने ओकलीही तसाच, तिथून जवळच गेला. त्याच्या जागी आला लमार विल्यम्स, जेमोचा गल्फपोर्टचा बालमित्र. जुलै १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला सुमारे सहा लाख लोकांपुढे हा ताफा वाजला. १९७६ मध्ये बँड फुटला, तेव्हा जेमो, लमार आणि पियानोवादक चक लेव्हेल यांनी ‘सी लेव्हल’ या नव्या बँडमधून जॅझची वाट धरली. जुना बँड पुन्हा एकत्र आला, पण १९८० मध्ये त्याने जेमोला वगळलं. १९८९ मध्ये तो परत आला आणि पुन्हा बुचच्या शेजारी बसला. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये झालेल्या अखेरच्या मैफलीपर्यंत ही जोडी टिकली.

२०१७ च्या जानेवारीत बुच गेला, मे महिन्यात ग्रेग. एप्रिल २०२४ मध्ये डिकी बेट्स गेल्यावर मूळच्या सहांतला एकटा जेमो उरला. सर्वांत आधी आलेला तोच होता.

या आठवड्यात ‘एलिझाबेथ रीड’ दोनदा ऐका. पहिल्या खेपेला नेहमीसारखं, गिटारच्या मागे जात. दुसऱ्या खेपेला फक्त झांजेवर कान ठेवा. पुढच्या भागात जॅक्सनव्हिललाच थांबू आणि ‘लिनर्ड स्किनर्ड’च्या ड्रमरना भेटू.