टर्बो गाडीला मोठे अलॉय लावण्याआधी टायरवरचे आकडे वाचा

माझा भाचा चिपळूणला असतो. त्याच्याकडे ह्युंदाई आय-20 एन लाइन आहे. रोज लोट्याच्या एमआयडीसीला ये-जा, सुट्टीला अम्मीला घेऊन रत्नागिरी. एक लिटरचं टर्बो इंजिन, 120 पीएस ताकद, त्यामुळे पोराचा शौक वाढला तर नवल नाही. ईदला घरी आला तेव्हा मोबाइलवर 17 इंची काळ्या अलॉयचा फोटो दाखवून म्हणाला, ''मामू, दुकानदार बोलतो एकदम बसतंय. काही कापायला-घासायला लागणार नाही.''

बसणं वेगळं आणि झेपणं वेगळं. मी त्याला वही-पेन घेऊन बसवला. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

त्याच्या गाडीला कंपनीचे टायर 195/55 आर16 मापाचे. 195 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 55 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या 55 टक्के. म्हणजे साधारण 107 मिमी. 16 हा रिमचा व्यास, इंचात. सगळं जोडलं की चाकाचा पूर्ण व्यास 621 मिमी येतो. दुकानदार देत होता 205/45 आर17. त्याचा व्यास 616 मिमी. फरक एक टक्क्याहून कमी, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास बरोबरच दाखवणार. इथपर्यंत दुकानदार खोटं बोलत नव्हता.

आता भिंत बघा. 107 वरून 92 मिमी. खड्डा आला की रिमला वाचवणारं रबर दीड सेंटिमीटरनं कमी झालं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पावसाळ्यातल्या अवस्थेबद्दल कोकणातल्या माणसाला मी काय सांगू? पाण्यानं भरलेला खड्डा वेगात आदळला की पातळ भिंतीच्या टायरला फुगा येतो, नाहीतर रिम वाकते.

पण खरी गोम त्यापुढच्या आकड्यात होती, जो कोणी वाचतच नाही. मापानंतर 87व्ही असं काही लिहिलेलं असतं. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240 किमी. आकडा सांगतो एक टायर किती वजन पेलेल. 87 म्हणजे 545 किलो. दुकानदाराच्या टायरवर होता 84, म्हणजे 500 किलो. चार टायरचा हिशेब केला तर 180 किलोची क्षमता कमी. एकटा पोरगा चालवतो तेव्हा काही कळणार नाही. पण मागे अम्मी, खाला, पोरं, डिकीत सामान आणि समोर घाट, तेव्हा? याच मापात एक्सएल लिहिलेला 88 चा टायर मिळतो, तो 560 किलो पेलतो. मात्र त्यासाठी हवाही जास्त ठेवावी लागते. 17 इंचच घालायचे असतील तर निदान तो मागा.

रिमचंही थोडं समजून घ्या. या गाडीला चार नट, 100 मिमीच्या वर्तुळावर, आणि मधलं भोक 54.1 मिमी. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुतेक मोठं असतं, कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायची असते. मधली पोकळी भरणारी रिंग घातली नाही तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात. नटही त्या रिमच्या खाचेला जुळणारेच हवेत. चाक बाहेर काढून रुबाब दाखवायला मध्ये चकती घालतात, ते तर करूच नका. बेअरिंगवर ताण येतो. आणि विकत घेण्याआधी रिम चक्क काट्यावर ठेवा. स्वस्त ओतीव रिम मोठी म्हणजे जडही असते. जड चाकानं टर्बोचा पिकअप मरतो, खड्ड्यात हादरे वाढतात. पैसे मोजून गाडी मंद करायची, हा कुठला हिशोब?

कायद्याचा मुद्दाही आहेच. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून माप बदलायचंच असेल तर आधी गाडीचं माहितीपुस्तक बघा आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर क्लेम अडकला की दुकानदार फोन उचलत नाही.

मग हौस करायचीच नाही का? करा ना! पण पैसा रबरात घाला. रस्त्याला टेकतो तो टायर. रिम फक्त दिसते. त्याच 195/55 आर16 मापात ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा टायर घेतला तर ब्रेक आणि वळण दोन्हींत फरक जाणवतो. असा मऊ टायर लवकर झिजतो, हे धरून चला. कायद्यानं खाच 1.6 मिमीपर्यंत चालते, पण आपल्याकडच्या पावसात मी 3 मिमीलाच बदला म्हणेन. घेताना भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला माल सवलतीत मिळाला तरी नको. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. ओल्या वळणावर मागचा भाग सुटला तर नवशिक्याला सावरता येत नाही.

भाच्यानं दोन दिवस तोंड फुगवलं. शेवटी कंपनीच्याच रिम ठेवल्या, फक्त काळ्या रंगवून घेतल्या, आणि चार चांगले टायर टाकले. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासून घे, असं मी बजावलं होतं. परवा फोन आला, ''मामू, एक नट ढिला निघाला.''