आलेखावर किनवटचे ‘कनिवट’ का होते?

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील काही स्थानके क्रमाने अशी आहेत : मुदखेड, भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट आणि शेवटी आदिलाबाद. समजा, भोकरच्या शाळेतील तुम्ही काही जण मिळून या मार्गावरील गाड्यांचा आलेख काढायचे ठरवता. क्ष-अक्षावर वेळ घ्या आणि य-अक्षावर स्थानकांची नावे. गाडी धावत असेल तेथे रेघ तिरपी जाईल, थांबली असेल तेथे आडवी. दोन गाड्यांच्या रेघा जेथे छेदतील तेथे त्या गाड्यांची गाठ पडते. मार्ग एकेरी असेल तर ही गाठ स्थानकातच पडली पाहिजे, हे सांगायला नकोच! वेळापत्रके आखणारे रेल्वेतील लोक असले आलेख शंभराहून अधिक वर्षे वापरीत आले आहेत.

या आलेखात अक्षावर आकडे नाहीत, नावे आहेत. नाव चुकले तर रेघ कितीही अचूक असली तरी वाचणाऱ्याला गाडी कोठे उभी आहे हे कळणार नाही.

आता हाच आलेख संगणकावर काढून पाहू. त्यासाठी मॅटप्लॉटलिब नावाची आज्ञावली फुकट मिळते. जॉन हंटर या अमेरिकन मेंदुशास्त्रज्ञाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतलहरी पाहण्याच्या गरजेतून ती लिहिली आणि २००३ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिला स्थानकांची नावे मराठीत दिली की पहिल्या प्रयत्नात बहुधा नुसत्या रिकाम्या चौकटी उमटतात. तिच्याबरोबर येणाऱ्या डेजाव्हू या टंकात देवनागरी अक्षरेच नाहीत. ही अडचण किरकोळ आहे. देवनागरी टंक निवडला की चौकटी जातात.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मुदखेड ठीक उमटते, भोकरही ठीक उमटते. पण भोकर सोडून गाडी पुढे निघाली की ‘हमिायतनगर’, ‘सहस्‌रकुंड’, ‘कनिवट’ आणि ‘आदलिाबाद’ अशी स्थानके लागतात! मुदखेडहून दुसऱ्या फाट्याने गेलात तरी सुटका नाही. तिकडे धर्माबादचा रफार उतरून ‘धर्‌माबाद’ झालेले दिसेल. आणखी नवल म्हणजे ज्या खिडकीत आलेख दिसतो तिच्या कपाळपट्टीवर ‘किनवट’ लिहायला सांगितले, तर तेथे ते अगदी बिनचूक येते. एकाच पडद्यावर, एकाच वेळी, एक किनवट बरोबर आणि एक चूक!

याचे कारण समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर ‘कि’ एवढेच अक्षर लिहा आणि मागे खोडण्याची कळ एकदा दाबा. बहुतेक ठिकाणी ‘क’ राहील आणि वेलांटी जाईल. वेलांटी तर ‘क’च्या डावीकडे होती! मग उजवीकडून खोडताना ती आधी का गेली? कारण संगणकाच्या स्मृतीत ती ‘क’च्या नंतरच साठवलेली असते. युनिकोड या जागतिक सांकेतिक पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यात देवनागरीची मांडणी भारतीय ‘इस्की’ संकेतावरून घेतली गेली आणि अक्षरांचा क्रम उच्चाराप्रमाणे ठरला. आधी क्, मग इ. म्हणून ‘किनवट’ संगणकात असे असते : २३२५ (क), २३६७ (ऱ्हस्व वेलांटी), २३४४ (न), २३५७ (व), २३३५ (ट).

जुन्या छापखान्यातील जुळारी हस्तलिखितात ‘कि’ पाहून वेलांटीचा खिळा आधी उचलीत असे व मग ‘क’चा. टंकलेखन यंत्रावरही वेलांटीची कळ आधी दाबावी लागे. युनिकोडमध्ये माणसाचे हे काम यंत्रावर पडले. वेलांटी डावीकडे नेणे, ‘र्’चा रफार करून पुढच्या अक्षरावर चढवणे, स् आणि र मिळून ‘स्र’ करणे ही कामे करणारा एक स्वतंत्र भाग हवा. हार्फबझ हा असा एक प्रसिद्ध भाग असून अनेक न्याहाळकांत तो वापरला जातो.

मॅटप्लॉटलिबमध्ये आखणी करणारा भाग वेगळा आणि प्रत्यक्ष चित्र उमटवणारा भाग वेगळा असतो. या दुसऱ्या भागाला बॅकएंड म्हणतात, आणि असे बॅकएंड अनेक आहेत. ठिपक्यांचे चित्र काढणारा ‘अ‍ॅग’ हा त्यांतील नेहमीचा. डिसेंबर २०२४ मध्ये निघालेल्या ३.१० या आवृत्तीपर्यंत तो मराठी न जाणणाऱ्या जुळाऱ्यासारखा होता : खिळे ज्या क्रमाने हाती आले त्याच क्रमाने ओळीत लावायचे. वेलांटीचा कमानदार फाटा उजवीकडच्या अक्षरावर झुकतो, म्हणून ‘क’नंतर लागलेली वेलांटी ‘न’ची वाटते आणि आपण ‘कनिवट’ वाचतो. खिडकीची कपाळपट्टी मात्र संगणकाची मूळ प्रणाली लिहिते, आणि तिच्याकडे जाणता जुळारी असतो.

एसव्हीजी नावाचा बॅकएंड यापेक्षा मजेशीर आहे. त्यात दोन सोयी आहेत. नेहमीच्या सोयीत तो अक्षरांच्या बाह्यरेषा स्वतःच काढून ठेवतो. तेव्हा चूकही त्या रेषांत गोठते. दुसऱ्या सोयीत तो ‘येथे किनवट लिहा’ एवढीच सूचना धारिकेत ठेवतो आणि लिहिण्याचे काम न्याहाळकावर सोपवतो. मग नाव बरोबर येते. झीलाटेकमार्फत चित्र काढणारा बॅकएंडही नावे बरोबर देतो.

मग सूचनेचीच पद्धत नेहमी का वापरू नये? तिचा एक तोटा आहे. तुमच्या मित्राच्या संगणकावर तो टंक नसेल तर न्याहाळक दुसराच टंक घेतो. तो रुंद असेल तर हिमायतनगरसारखे लांब नाव डावीकडे सरकत चित्राच्या कडेबाहेर जाते आणि ‘हि’ कापली जाते. अक्षासाठी किती जागा सोडायची हा हिशेब मॅटप्लॉटलिबने आपल्याजवळच्या टंकावरून आधीच केलेला असतो ना! बाह्यरेषांच्या पद्धतीत जागा हलत नाही, पण अक्षर चुकते. मला विचाराल तर नाव चुकण्यापेक्षा कड कापली गेलेली परवडली; कड दिसते तरी, ‘कनिवट’ मात्र परगावच्या वाचकाला खरेच एखादे गाव वाटेल.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करून दाखवावा. चाचणीसाठी भोकर किंवा मुदखेड ही नावे उपयोगाची नाहीत, ती अडाणी बॅकएंडमध्येही बरीचशी ठीक उमटतात. सहस्रकुंड, किनवट आणि धर्माबाद ही तीन नावे घ्या : एकात जोडाक्षर, एकात ऱ्हस्व वेलांटी, एकात रफार. पडद्यावर पाहून झाल्यावर तोच आलेख धारिकेत साठवून तोही उघडून पाहा, कारण साठवताना बॅकएंड बदललेला असू शकतो.