वाढलेली शिल्लक

इंजिनातलं ऑइल आपोआप वाढू लागलं तर माणसानं खूश व्हावं की घाबरावं? १९९६ साली मी खूश झालो होतो. साताऱ्याला बदली झाल्यावर जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. दर रविवारी डिपस्टिक फडक्यानं पुसून पातळी पाहायचो. ती खाली जाण्याऐवजी खुणेच्या वर सरकलेली! कुणी भरणा न करता खात्यातली शिल्लक वाढली, तर बँकेतला माणूस आधी संशय घेतो. घरच्या गाडीपुढं ती अक्कल कुठं गेली कोण जाणे.

शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहत. त्यांनी डिपस्टिक नाकाशी नेली. "साहेब, ह्यात पेट्रोल उतरलंय. गाडी चालू करू नका. एसी पंप गेला."

ह्या एसीचा गारव्याशी संबंध नाही. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला गॅरेजमध्ये हेच नाव होतं. तो इंजिनाच्या कुशीला बसवलेला असे. कॅमशाफ्ट फिरला की त्याचा दांडा हलायचा आणि आतला लवचिक पडदा मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बुरेटरकडे ढकलायचा. पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये झिरपतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं झिजू लागतात.

नवा पंप आणून आम्ही अंगणातच कामाला बसलो. त्यांनी पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडवली. मग टाकीकडून येणाऱ्या नळीत पेन्सिलीचा तुकडा खोचला. जुना पंप निघाला, पण चिकटून बसलेलं पॅकिंग खरवडण्यात तास गेला. पॅकिंगच्या जाडीवर त्यांचा फार कटाक्ष. जाड झालं तर दांडा पुरेसा दाबला जात नाही, पातळ झालं तर जास्त दाबला जातो. एवढ्या काटेकोरपणे आमच्या शाखेत कुणी व्हाउचर तपासलं नसेल!

तोवर दिवेलागण झाली. खाली ताटलीत सांडलेलं पेट्रोल होतं. आई नेहमीप्रमाणे निरांजन घेऊन तुळशीकडे निघाली.

"वहिनी, तिथंच थांबा! दिवा आत न्या!"

त्या शांत माणसाला ओरडताना मी तेव्हाच पाहिलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. ज्योत ताटलीपर्यंत यायची गरजच नव्हती. पंप बदलणं सोपं म्हणून मी बेफिकीर होतो. एवढा विचार डोक्यात आलाच नव्हता.

आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप विजेवर चालतो आणि बहुधा टाकीतच बुडालेला असतो. नळीत कितीतरी जास्त दाब असतो. मुलाच्या गाडीचा पंप बिघडला तेव्हा मी पान्ह्याला हातही लावला नाही.

त्या रात्री बिघडलेलं ऑइल काढलं, नवं भरलं. कार्बुरेटर कोरडा पडल्यानं स्टार्टर बराच वेळ मारावा लागला, मग पद्मिनी धडधडली. पुढं कित्येक दिवस आई निरांजन लावण्याआधी अंगणात डोकावून विचारायची, "आज काही उघडून बसलायस का रे?"