विस्मृतिविचार, लेखांक ४ : कसूर काळाची नव्हे

गेल्या लेखांकात हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा परामर्श घेताना आपण असे पाहिले की, निरर्थक अक्षरसमूहांची यादी बिनचूक म्हणता येईपर्यंत घोकली, तरी एका अहोरात्रानंतर ती पुन्हा पाठ करताना श्रमांची बचत होते ती जेमतेम एक-तृतीयांश. काळ जातो म्हणून आठवण जाते, हा सर्वसामान्यांचा समज होताच. या आकड्यांनी त्यास शास्त्राचा दाखला मिळाल्यासारखे झाले.

या समजाला जॉन मॅकगिओक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली हरकत घेतली. लोखंड कालांतराने गंजते खरे, पण गंजवतो तो प्राणवायू, काळ नव्हे, असा त्याचा दृष्टांत होता. तेव्हा मधल्या मुदतीत मनात दुसरे काय शिरले, याचीच चौकशी व्हावयास हवी. तिच्या उपयोगी पडणारा पुरावा आधीच दाखल झालेला होता. कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स व डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा अक्षरसमूह कधी सकाळी, तर कधी निजण्यापूर्वी पाठ करावयास लावले, आणि एक, दोन, चार वा आठ तासांनी, प्रसंगी अपरात्री झोपेतून उठवून, ते म्हणवून घेतले. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आठ तास जागेपणी गेल्यास दहापैकी सरासरी एखादाच समूह आठवे. तेच आठ तास निद्रेत गेल्यास निम्म्याहून अधिक आठवत. मुदत दोन्हीकडे सारखीच. परंतु निद्रिस्त मनात नवा भरणा होत नव्हता.

नवे शिक्षण जुन्या आठवणीस बाधक होते, हे गटिंगनच्या म्यूलर व पिल्झेकर यांनी १९०० सालीच दाखवून दिले होते. यास पूर्वलक्षी अवरोध म्हणावे. तथापि केवळ एका दिवसाच्या सामान्य व्यवहारात त्या निरर्थक अक्षरांशी सादृश्य असलेले असे काय भेटते, की त्यांचा एवढा मोठा भाग बुडावा? या प्रश्नाची उकल नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील बेंटन अंडरवुडने केली. निरनिराळ्या संशोधकांचे चोवीस तासांनंतरचे आकडे परस्परांशी मुळीच जुळत नाहीत, हे पाहून त्याने ते एकत्र मांडले, आणि प्रत्येक प्रयोगातील इसमांनी त्यापूर्वी किती याद्या पाठ केल्या होत्या, याची त्यांच्याशी पडताळणी केली. १९५७ साली त्याने जाहीर केलेला निष्कर्ष असा : ज्यांची ती पहिलीच यादी, त्यांना दुसऱ्या दिवशी सुमारे तीन-चतुर्थांश आठवते, ज्यांच्यामागे वीसेक याद्या, त्यांना एक-चतुर्थांशही नाही. म्हणजे आगाऊ शिकलेले पुढच्यास बाधते. हा पुरोलक्षी अवरोध. आणि वर्षानुवर्षे स्वतःवरच प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउसच्या मागे तर अशा याद्यांची रासच होती. त्याच्या त्या सुप्रसिद्ध वक्ररेषेचा उतार पुष्कळ अंशी त्याच्याच उद्योगशीलतेने निर्माण केलेला होता.

हा न्याय कसा चालतो, हे पाहण्यास भाद्रपदातील कोणतेही घर पुरेसे आहे. गणपतीची, शंकराची व देवीची आरती साधारण एकाच धाटणीच्या चालीवर म्हटली जाते. म्हणून ताम्हण हाती घेतलेला यजमान शंकराच्या आरतीचे पहिले कडवे म्हणून झाल्यावर, ध्रुपद संपताच, नकळत देवीच्या कडव्यात शिरतो, आणि मागे टाळ वाजवणारी मंडळी क्षणभर दोन्ही आरत्या एकदम म्हणतात. यजमान काही विसरलेला नसतो. देवीची पाळी आली की तेच कडवे तो बिनचूक म्हणतो. एकाच खुणेवर दोन आठवणींनी दावा सांगितलेला असतो, आणि नित्याच्या सरावाने जी बळकट ती पुढे सरते. मात्र निराळ्या चालीची आरती सुरू झाली की घोटाळा थांबतो, कारण अवरोधाचे बळ सादृश्यावर अवलंबून असते. सबब विद्यार्थ्याने मिळतेजुळते विषय एकापाठोपाठ घोकू नयेत, आणि कठीण पाठ निजण्यापूर्वी करावा, हे इष्ट.

एवढ्यावर फैसला झाला असता, परंतु १९४० साली मेल्टन व अर्विन यांना एक विपरीत गोष्ट आढळली. दुसरी यादी जसजशी अधिक पक्की करवून घ्यावी, तसतशी तिच्यातील अक्षरे पहिलीत घुसण्याचे प्रकार काही मर्यादेनंतर कमी झाले. पहिलीचे विस्मरण मात्र कमी झाले नाही. प्रतिस्पर्धी पुढे येतच नसेल, तर जुनी आठवण अडते कशाने? ती केवळ दबलेली असते, की खरोखरच पुसली जाते, याचा विचार पुढील लेखांकात करू.